उपयोग आणि मुक्ती
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या कार्यकारिणीने आम्हांस या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल प्रथम तिचे आभार मानतो. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि सुग्रास भोजन यांच्या दरम्यान तत्त्वज्ञानाचे व्याख्यान योजणे हे चिटणीसांचे धाडसच म्हटले पाहिजे. या धाडसाचा आपणांस फार ताप होऊ नये अशी काळजी आम्ही यथाशक्ती घेणार आहोत.

विषयाची निवड आम्ही सहेतुक केली आहे. आज आपल्या घरोघरी एक प्रश्न वारंवार कानी पडतो: ‘याचा उपयोग काय?’ मुलगी संस्कृत घेऊ म्हणते, वडील विचारतात, उपयोग काय? आजी पहाटे जप करीत बसते, नातू विचारतो, उपयोग काय? या प्रश्नाला आम्ही उद्धटपणाचा म्हणत नाही. अमेरिकेतील काही थोर विचारवंतांनी तर याच प्रश्नावर एक संपूर्ण दर्शन उभारले. त्याला इंग्रजीत प्रॅग्मॅटिझम म्हणतात व आपल्याकडील पंडितांनी त्याला फलप्रामाण्यवाद असे नाव दिले आहे. आणि अडीच हजार वर्षांपूर्वी मगध-कोसल देशांत पायी हिंडणाऱ्या गौतम बुद्धानेही आपल्या शिष्यांना जवळजवळ हाच प्रश्न विचारावयास शिकविले. मग हे दोघे एकच सांगतात काय? याचा विचार आज आपण करू.

फलप्रामाण्यवादाविषयी एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. पैसा मिळेल ते खरे, असे सांगणारे हे अमेरिकन व्यापाऱ्याचे तत्त्वज्ञान आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. या विचाराचा आद्य प्रणेता चार्ल्स पर्स हा गणित व तर्कशास्त्र यांचा पंडित होता, आणि त्याची अखेरची वर्षे दारिद्र्यात गेली. आपल्या कल्पना स्पष्ट कशा कराव्यात या विषयावर त्याने १८७८ साली एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे की, एखाद्या कल्पनेचा अर्थ समजून घ्यावयाचा तर ती खरी मानल्याने अनुभवात कोणते फरक पडतील हे पाहावे. एखादी वस्तू कठीण आहे याचा अर्थ इतकाच की, इतर पुष्कळ वस्तूंनी तिच्यावर ओरखडा उठत नाही. ज्या दोन मतांमुळे अनुभवात काडीचाही फरक पडत नाही, ती दोन मते नसून एकाच मताची दोन नावे होत.

हार्वर्ड विद्यापीठातील विल्यम जेम्स यांनी हा विचार लोकांपर्यंत नेला. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्यानांत एक मौजेचे उदाहरण आहे. झाडाच्या बुंध्याला एक खार चिकटलेली आहे. एक मनुष्य तिला पाहण्यासाठी झाडाभोवती फिरतो; पण खारही तितक्याच वेगाने फिरते व बुंधा सदैव दोघांच्या मध्ये राहतो. मनुष्य झाडाला प्रदक्षिणा घालतो हे खरे, पण तो खारीला प्रदक्षिणा घालतो काय? मंडळी हिरिरीने वाद घालू लागली. जेम्स म्हणाले की ‘भोवती फिरणे’ याचा व्यवहारात तुम्ही काय अर्थ घेता ते ठरवा, म्हणजे वाद संपला. जेम्स हेही यशाचे पूजक नव्हते. १९०६ साली इंग्रज लेखक वेल्स यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या देशबांधवांच्या यशपूजेला रोगाची उपमा दिली आहे.

तिसरे जॉन ड्यूई. यांचे आपल्या प्रांताशी असलेले नाते पुढे येईलच. त्यांच्या मते विचार म्हणजे एक हत्यार होय. जीवनात अडचण उभी राहते, माणूस तिचे निदान करतो, उपाय योजतो, करून पाहतो, आणि जे निष्पन्न होईल त्यावरून उपाय सुधारतो. ज्ञान म्हणजे आरशातील प्रतिबिंब नव्हे. सुताराच्या हातातील किकऱ्याप्रमाणे ते कामाने कसाला लागते. शाळा, न्यायालय, राज्ययंत्र, धर्म, प्रत्येक संस्थेला त्यांनी हाच कस लावला.

आता बुद्धाकडे वळू. मज्झिम निकायात मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्षूची कथा आहे. जग शाश्वत आहे की अशाश्वत, सान्त की अनन्त, जीव आणि शरीर एक की भिन्न, तथागत मरणानंतर असतो की नसतो, अशा प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज आपण ब्रह्मचर्य पाळणार नाही, असा त्याने हट्ट धरला. बुद्धाने त्याला विषारी बाण लागलेल्या मनुष्याचा दृष्टान्त दिला. आप्तेष्टांनी वैद्य बोलाविला. पण हा जखमी गृहस्थ म्हणतो, बाण काढू नका. आधी मला सांगा की बाण मारणारा क्षत्रिय होता, ब्राह्मण होता, वैश्य होता की शूद्र होता? त्याचे नाव काय, गोत्र काय, तो उंच की ठेंगणा, कोणत्या गावचा? धनुष्य कसले, दोरी कसली, बाणाची पिसे कोणत्या पक्ष्याची? ही माहिती गोळा होण्यापूर्वीच तो मरून जाईल. ज्ञातिबांधवहो, या दृष्टान्तात मरणोन्मुख मनुष्याच्या तोंडी पहिला प्रश्न जातीचा घातला आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. त्याकडे आम्ही शेवटी पुन्हा येऊ.

कौशांबीजवळच्या शिंशपेच्या वनात बुद्धाने मूठभर पाने उचलून भिक्षूंना विचारले की, माझ्या हातातील पाने अधिक की वनातील? मला कळले ते वनातील पानांइतके आहे, सांगितले ते मुठीतल्या पानांइतके. कारण जे दुःखनिरोधाच्या कामी येत नाही ते सांगितले नाही, असा त्याचा आशय. केसपुत्त गावच्या कालाम लोकांना त्याने सांगितले की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका; लोभ, द्वेष आणि मोह यांनी हित होते की अहित हे स्वतःच ताडून पाहा, आणि सुज्ञांना काय मान्य आहे याचाही विचार करा. आणि आपल्या धर्माला त्याने तराफ्याची उपमा दिली. नदी ओलांडून गेल्यावर तराफा डोक्यावर घेऊन हिंडणाऱ्याला शहाणा कोण म्हणेल?

येथवर साम्य उघड आहे. निष्फळ वाद दोघांनाही नकोत, अनुभवाची कसोटी दोघांनाही मान्य, सिद्धान्त हे साधन होय असे दोघेही म्हणतात. म्हणून कित्येक विद्वान बुद्धाला जगातील पहिला फलप्रामाण्यवादी ठरवून मोकळे होतात. आम्हांस मात्र तसे वाटत नाही. तीन ठिकाणी वाटा फुटतात.

पहिली वाट सत्याच्या प्रश्नावर फुटते. जेम्स यांचे म्हणणे थोडक्यात असे की, जी समजूत दीर्घकाळपर्यंत व सर्व अनुभवाशी जुळवून घेत आपल्याला नीट वागविते, तीच सत्य होय. एखाद्या घटकेपुरती सोय म्हणजे सत्य, असे त्यांचे म्हणणे नाही, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. तरीही एक अडचण उरते. ‘झोप, नाही तर बागुलबुवा येईल’ असे आई म्हणते, मूल झोपते, आणि घरातल्या सर्वांनाच विश्रांती मिळते. बागुलबुवा उपयोगी पडला. म्हणून तो खरा झाला काय?

बुद्धाची भूमिका अभयराजकुमार सुत्तात स्पष्ट दिसते. कोणते वचन बोलावे याचा विचार तेथे तीन अंगांनी केला आहे: ते खरे आहे काय, हितकर आहे काय, ऐकणाऱ्याला गोड लागणारे आहे काय. जे खोटे व अहितकर ते तथागत बोलत नाही. जे खरे पण अहितकर तेही बोलत नाही. जे खरे आणि हितकर, ते गोड असो वा कडू, योग्य वेळ पाहून बोलतो. या वर्गवारीत ‘खोटे पण हितकर’ असा कप्पाच नाही. खरेपणा आणि हित या दोन स्वतंत्र कसोट्या आहेत व दोन्ही उतराव्या लागतात. हितावरून खरेपणा ठरत नाही. कोणते सत्य सांगावे याची निवड तो उपयोग पाहून करतो. सत्य कोणते हे उपयोगावर सोडीत नाही.

येथे कोणी सद्धर्मपुंडरीक सूत्रातील जळत्या घराची कथा पुढे करील. घराला आग लागली आहे, मुले आत खेळात दंग आहेत; बाहेर तुमच्यासाठी बकऱ्यांच्या, हरणांच्या व बैलांच्या गाड्या आहेत असे सांगून बाप त्यांना बाहेर काढतो, आणि मग प्रत्येकाला त्याहून मोठा, सुंदर बैलांचा रथ देतो. महायान पंथ यास उपायकौशल्य म्हणतो. पण त्याच सूत्रात बुद्ध सारिपुत्राला मुद्दाम विचारतो की, बापाने असत्य भाषण केले काय? आणि ‘नाही’ हे उत्तर कारणे देऊन पटविले जाते. मुले वाचली, आता खोटेखरे कशाला काढता, असे म्हणून सूत्रकर्ता मोकळा झाला नाही. त्यालाही ही बोच जाणवली, यातच सर्व आले.

दुसरी वाट याहून महत्त्वाची आहे. उपयोग म्हटला की ‘कशासाठी?’ हा प्रश्न आलाच. किकरे चांगले की वाईट हे काय घडवायचे आहे त्यावर अवलंबून. जेम्स यांची वृत्ती उदार. ज्याला ज्या श्रद्धेने बळ मिळते त्याने ती धरावी, असे ते म्हणत. १८७० च्या सुमारास ते स्वतः खोल विषादात बुडाले होते, आणि आपल्याला संकल्पस्वातंत्र्य आहे असे मानून चालण्याचा निश्चय करून त्यांनी स्वतःला सावरले. अशा मनुष्याच्या शब्दाला वजन असते. ड्यूई तर अंतिम ध्येय असे काही मानीतच नसत. आज गाठलेले साध्य उद्याचे साधन होते, आणि विकास हेच विकासाचे ध्येय, असा त्यांचा विचार. दोघांच्याही विचारात माणसाच्या गरजा व इच्छा हे आरंभस्थान आहे. ड्यूई त्या बुद्धीने तपासून, सुधारून घ्यावयास सांगतात. पण इच्छेचे मूळच खणून काढा, असे ते सांगत नाहीत.

बुद्ध नेमके तेथे कुदळ घालतो. चार आर्यसत्यांची मांडणी वैद्याच्या रीतीची आहे असे नेहमी म्हटले जाते: दुःख हा रोग, तृष्णा हे त्याचे कारण, निरोध हे आरोग्य आणि अष्टांगिक मार्ग हे औषध. तृष्णा हाच जर रोग असेल, तर तृष्णा भागविण्यास काय उपयोगी पडेल हा प्रश्न रोग्याने पथ्याविषयी स्वतःच्या जिभेला विचारण्यासारखा आहे. जीभ जे सांगेल ते रोगाचेच म्हणणे असण्याचा संभव अधिक. म्हणून फलप्रामाण्यवादी विचारतो की, माझी गरज कशाने भागेल. बौद्ध साधक विचारतो की, ही ‘माझी’ आणि ही ‘गरज’ कोठून उत्पन्न झाली? माप घेणाऱ्याचे मापच तपासावयाचे, असा हा प्रकार आहे.

तिसरी वाट शेवटाशी फुटते. पर्सच्या मते शंका ही टोचणारी अवस्था आहे व मन एखाद्या समजुतीवर स्थिरावले की चौकशी थांबते. बौद्ध साधनेत समजुतीवर स्थिरावणे हाही एक मुक्काम आहे, तो सोडावयाचा असतो. सम्यक् दृष्टी मार्गाचे पहिले अंग खरे. पण दृष्टीला कवटाळून बसणे हे उपादानांपैकी एक मानले आहे. तराफा बळकट असावा, आणि सोडताही यावा.

आता मराठी भाषकांशी या विषयाचा संबंध काय तो सांगतो. आपल्या दोन थोर पुरुषांच्या चरित्रांतून हे दोन प्रवाह वाहिले आहेत. पहिले धर्मानंद कोसंबी. १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेला हा पुरुष बुद्धाच्या ओढीने घर सोडून नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा हिंडला, आणि १९१० साली ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठात गेला. त्याच वर्षी, त्याच विद्यापीठात आयुष्य घालविलेले जेम्स निवर्तले. कोसंबींनी हात लावलेली ती आवृत्ती हार्वर्डच्या ग्रंथमालेत १९५० साली प्रसिद्ध झाली. तेव्हा कोसंबींना जाऊन तीन वर्षे झाली होती.

दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथे ड्यूई यांच्या वर्गात बसले. १९३६ साली त्यांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या वार्षिक परिषदेसाठी अध्यक्षीय भाषण लिहिले. भाषणातील विचार मंडळाला मानवले नाहीत, परिषद झाली नाही, आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच छापून प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी आपले गुरू म्हणून ड्यूई यांचा आधार घेतला आहे: भूतकाळाचे सर्वच ओझे पुढच्या पिढीच्या माथी मारणे हे समाजाचे कर्तव्य नसून, त्यातील चांगले तेवढेच निवडून पुढे द्यावे. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली; तिच्या चारच दिवस आधी, १ जून रोजी ड्यूई निवर्तले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, आणि त्यांच्या निधनानंतर १९५७ साली ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ इंग्रजीत प्रकाशित झाला. जगाची उत्पत्ती कशी झाली हे सांगणे धम्माचे काम नसून जगाची पुनर्रचना करणे हे त्याचे काम होय, असे त्यात प्रतिपादन आहे. या वाक्यार्थात ड्यूई यांचा शिष्य आणि बुद्धाचा उपासक हे दोघेही एकाच वेळी बोलत आहेत असे आम्हांस वाटते. दुःख केवळ अंतरातील तृष्णेतून येत नाही, ते समाजरचनेतूनही लादले जाते, ही भर त्यांनी घातली. तिचे मूल्य ज्यांनी ते दुःख भोगले तेच उत्तम जाणतात.

प्रस्तुत काळाकडे वळू. १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन काबाट-झिन यांनी जुनाट वेदनांनी त्रस्त रुग्णांसाठी ध्यानाचा कार्यक्रम सुरू केला. धर्माची परिभाषा बाजूला ठेवून बौद्ध स्मृतिसाधनेचा अंश त्यांनी रुग्णालयात आणला. पुढे तो प्रकार कचेऱ्यांत, शाळांत व लष्करातही शिरला. आता तर भ्रमणध्वनीवरही ध्यान विकत मिळते. आपल्याकडे इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील दहा दिवसांची मौन शिबिरे भरतात. तेथे शिबिराला आरंभ होतो तो शीलांच्या स्वीकाराने, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

ध्यानाने झोप लागत असेल, वेदना सुसह्य होत असेल, तर आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. बुद्धानेही आजाऱ्याची शुश्रूषा करावयास शिकविले आहे. पण एकाग्रता ही स्वतः चांगली वा वाईट नसते. ओढ्याकाठी एका पायावर उभ्या असलेल्या बगळ्याचे ध्यान कोणाही योग्याला लाजवील. त्याचे फळ माशाला विचारावे. घरफोड्यालाही चित्ताची स्थिरता लागते. म्हणून तर बौद्ध ग्रंथांत सम्यक् समाधीबरोबर मिथ्या समाधीचाही उल्लेख आहे, आणि अष्टांगिक मार्गात सम्यक् वाणी, सम्यक् कर्म व सम्यक् आजीविका ही अंगे स्मृति-समाधीच्या आधी मोजली आहेत. कामगारांना दिवसाचे बारा तास राबवून त्यांचा ताण उतरविण्यासाठी मालकाने ध्यानाचा वर्ग काढला, तर तो उपयोगी ठरेल. पण बुद्ध प्रथम मालकाच्या आजीविकेविषयी विचारील. आणि ड्यूईसुद्धा कारखान्याचीच रचना तपासा असे म्हणतील. उपयोगाचा प्रश्न अर्ध्यावर सोडला की तो दोघांच्याही हातून निसटतो.

बंधुभगिनींनो, दुसऱ्याच्या कारखान्याविषयी बोलणे सोपे आहे. आपल्याच तराफ्याविषयी बोलल्याखेरीज हे व्याख्यान पुरे व्हावयाचे नाही. आपले मंडळ हाही एक तराफाच आहे. खेड्यातून शहरात आलेल्या मुलांना राहण्याजेवण्याची सोय नव्हती, फीला पैसे नव्हते, विधवांना आधार नव्हता. अशा काळी ज्ञातीज्ञातींनी आपापली मंडळे काढली, वसतिगृहे बांधली, शिष्यवृत्त्या दिल्या. कित्येक घरे त्या तराफ्यावरून पैलतीराला पोचली, आणि त्याबद्दल पूर्वजांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु ड्यूई यांच्या कसोटीने आपल्याला दरवर्षी अहवालाच्या वेळी विचारावे लागेल की, या संस्थेच्या अस्तित्वाचे परिणाम आज काय होत आहेत? कोणाचे हित होते, आणि कोणाला दाराबाहेर उभे राहावे लागते? बुद्धाच्या कसोटीने त्याहून अवघड प्रश्न येतो: हिच्यामुळे आपला ‘मी’पणा झिजतो की त्याला ‘आम्ही’ हे नवे, अधिक भारदस्त नाव मिळते?

वासेट्ठ सुत्तात दोन तरुण ब्राह्मणांचा वाद आहे: ब्राह्मण जन्माने होतो की आचरणाने? बुद्ध सांगतो की गवत, झाडे, कीटक, पशू, पक्षी यांच्या जातींत जन्मजात खुणा भिन्नभिन्न आहेत. माणसामाणसांत तशा नाहीत. माणूस शेती करील तर शेतकरी, व्यापार करील तर व्यापारी. कर्मावरून तो ओळखावा. ज्ञातिमंडळाच्या संमेलनात हे सांगणे काहींना विसंगत वाटेल. आम्हांस मात्र येथेच ते सांगणे योग्य वाटले, कारण बाण लागलेल्या मनुष्याचा पहिला प्रश्न आपणही पुष्कळदा विचारतो. शिष्यवृत्तीचा अर्ज येतो, मदतीची हाक येते, मुलगी आपल्या पसंतीचा वर सुचविते, आणि आपण बाण काढण्याआधी जात विचारतो.

म्हणून तीन सूचना करून आम्ही रजा घेतो. पहिली: ‘याचा उपयोग काय’ असे मुलांनी विचारले तर त्यांना गप्प करू नये; ‘उपयोग कशासाठी आणि कोणासाठी’ एवढे पुढे विचारावयास शिकवावे. दुसरी: घरात आणि मंडळात बोलताना अभयराजकुमार सुत्तातील कसोटी लावून पाहावी: खरे आहे काय, हिताचे आहे काय, वेळ योग्य आहे काय. सभांचे निम्मे वृत्तान्त त्यामुळे आखूड होतील. तिसरी: मंडळाच्या शिष्यवृत्तिनिधीतून प्रतिवर्षी निदान एक शिष्यवृत्ती ज्ञातीबाहेरच्या गरजू विद्यार्थ्याला द्यावी, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत विचारार्थ यावा. तराफा एकदम टाकून द्या असे कोणी म्हणत नाही. परंतु तो नदीसाठी आहे, डोक्यावर मिरविण्यासाठी नाही, याची खूण म्हणून एवढे तरी करता येईल.

भोजनाची घंटा झाली आहे, आणि उपाशी मनुष्याला धर्म सांगू नये, अशी बुद्धाचीच एक कथा आहे. तिचा मान राखून येथेच थांबतो.